नोकरीसाठी मी ड्रग टेस्ट दिली, मग सरकारी मदत घेणाऱ्यांनी का नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर इथेच कळेल. तुम्ही डॅलसला नोकरी करता. रुजू होण्याआधी कंपनीनं लघवीची ड्रग टेस्ट घेतली. पगारातून कर जातो. त्या करातून ज्यांना दरमहा रोख मदत मिळते, त्यांच्या हातात मात्र कुणी तो प्लास्टिकचा कप देत नाही. हा कुठला न्याय? आणि जाता जाता असंही विचारलंय, की महाराष्ट्रात लाडकी बहीणसारख्या योजनेला अशी अट घातली तर बिघडलं कुठे?

मी कोण ते सांगते. मिरजेला डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, लग्नानंतर फ्लोरिडाला आले, इथल्या परीक्षा दिल्या, अकरा वर्षं एका टॉक्सिकॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातले नशेचे आणि विषारी पदार्थ तपासणाऱ्या लॅबमध्ये काढली आणि आता एका व्यसनमुक्ती क्लिनिकची लॅब सांभाळते. "पोरीचं आयुष्य लोकांच्या लघवीत गेलं" असं आई म्हणते, आणि ते खोटं नाही. मी वकील नाही. कायद्याबद्दल जे लिहीन ते जाहीर निकालांत आहे तेवढंच.

तुमचा राग मला अनाठायी वाटत नाही. कष्टाचा पैसा कुणी नशेत उडवत असेल तर चीड येणारच. माझा आक्षेप त्या कपावर आहे, कारण त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही हे मी रोज बघते.

तुम्हाला टेस्टमधून नेमकं काय कळायला हवंय? हा माणूस व्यसनी आहे का? मदतीचा पैसा नशेवर जातो का? हा काम करू शकेल का, पोरं नीट सांभाळेल का? लघवीची टेस्ट यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. ती एवढंच सांगते, की ठरावीक चार-पाच किंवा दहा पदार्थांपैकी एखाद्याचा अंश गेल्या काही दिवसांत शरीरात होता आणि तो ठरवलेल्या कट-ऑफच्या, म्हणजे पॉझिटिव्ह धरायच्या मर्यादेच्या, वर होता. बस्स.

त्यातही "गेल्या काही दिवसांत" हे पदार्थागणिक बदलतं. गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं रसायन चरबीत साठतं, त्यामुळे रोज ओढणारा माणूस सोडून तीन आठवडे झाले तरी पॉझिटिव्ह येऊ शकतो. कोकेन आणि मेथ (मेथॅम्फेटामाइन, एक उत्तेजक नशा) साधारण दोन ते चार दिवसांत निघून जातात. हेरॉइन एक ते तीन दिवसांत. दारू काही तासांत, आणि नेहमीच्या पॅनेलमध्ये, म्हणजे तपासायच्या पदार्थांच्या यादीत, दारू बघतच नाहीत. फेंटानिल, प्रयोगशाळेत बनणारं अफूसारखं जहाल औषध, ज्यानं या देशात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, ते अफूच्या नेहमीच्या टेस्टमध्ये सापडत नाही, त्याचं किट वेगळं. म्हणजे ही चाळणी सर्वांत कमी घातक गोष्ट सर्वांत जास्त दिवस पकडते आणि ज्यानं घरं बसतात ती दारू बिनबोभाट पुढे जाऊ देते. मिशिगन राज्यानं १९९९ मध्ये मदत घेणाऱ्यांवर सरसकट टेस्टचा प्रयोग केला तेव्हा हेच दिसलं. २६८ जणांची तपासणी झाली, २१ पॉझिटिव्ह, आणि त्यातले १८ फक्त गांजाचे.

आता खोट्या पॉझिटिव्हबद्दल. इथे आल्यावर पहिल्या दिवाळीला मी लॅबमध्ये हौसेनं अनारसे नेले होते. सुपरवायझरनं डबा उघडला, वरची खसखस बघितली आणि हसत म्हणाली, "आज कुणाची स्वतःची टेस्ट असेल तर याला हात लावू नका." थट्टा होती, पण बिनबुडाची नव्हती. खसखशीच्या दाण्यावर मॉर्फिनचा अंश असतो आणि तो लघवीत उतरतो. याच कारणानं नोकरीसाठीच्या सरकारी टेस्टमध्ये अफूवर्गाचा कट-ऑफ १९९८ मध्ये ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २,००० वर नेला. तरी अनेक दवाखान्यांत आणि झटपट किटमध्ये ३०० चाच आकडा चालू आहे. २०२३ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्यानं सैनिकांना खसखस टाळा अशी सूचना काढली. इथल्या औषधाच्या दुकानात मिळणारं नाकात ओढायचं व्हिक्सही पहिल्या टेस्टमध्ये मेथसारखं दिसू शकतं.

चांगल्या लॅबमध्ये यावर उपाय असतो. पहिली झटपट टेस्ट पॉझिटिव्ह आली की नमुना जीसी-एमएस नावाच्या यंत्रावर जातो. ते यंत्र रेणू ओळखतं, नुसता आकार चाचपत नाही. मग डॉक्टर त्या माणसाला फोन करून विचारतो, कुठली औषधं चालू आहेत, प्रिस्क्रिप्शन आहे का. तुमच्या कंपनीच्या टेस्टमागे ही सगळी साखळी असण्याची शक्यता बरीच आहे. या साखळीला पैसे पडतात. आणि सरकारी योजनेत खर्च वाचवायचा म्हटलं की कात्री पहिली इथेच लागते.

कात्री लागली तर काय होतं, त्याचं गणित करून बघू. आकडे मी समजुतीसाठी धरते आहे. हजार अर्जदार, त्यात तीस जण खरोखर नशा करणारे. झटपट किट त्यातले सत्तावीस पकडतं, म्हणजे उत्तम किट. उरलेल्या ९७० निर्दोष लोकांत ते शंभरात तिघांच्या बाबतीत चुकतं, म्हणजे एकोणतीस जण. पॉझिटिव्ह आले छप्पन्न, त्यातले निम्म्याहून जास्त चुकीचे! किट वाईट म्हणून हे होत नाही. शोधायची माणसं मुळात थोडी असली की असंच होतं. ही गोष्ट मी नव्या टेक्निशियनला पहिल्याच आठवड्यात शिकवते, पण विधिमंडळात कुणी शिकवत नाही.

माणसं खरंच थोडी आहेत का? इथे माझ्याच राज्याचा अनुभव सांगते. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कल्याण योजनांच्या सुधारणेचा कायदा केला आणि राज्यांना अशा टेस्टची मुभा दिली. फ्लोरिडानं १९९८ च्या कायद्यानं काही भागांत प्रयोग करून पाहिला. ६,४६२ जण तपासले, ५.१ टक्के पॉझिटिव्ह निघाले, आणि अभ्यासकांना नोकरी-कमाईच्या बाबतीत पॉझिटिव्ह-निगेटिव्ह गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हे पुढे नेऊ नका असं त्यांनी सांगितलं होतं. तरी २०११ मध्ये गव्हर्नर रिक स्कॉट यांनी रोख मदतीच्या प्रत्येक अर्जदाराला टेस्ट सक्तीची केली. पैसे आधी अर्जदारानं खिशातून भरायचे, निगेटिव्ह आला तर सरकार परत देणार. पॉझिटिव्ह आला तर वर्षभर मदत बंद.

जेमतेम चार महिने ते चाललं. ४,०४६ जणांनी टेस्ट दिली, १०८ पॉझिटिव्ह. शंभरात तीनही नाहीत. त्याच वर्षी देशभरच्या पाहणीत बारा वर्षांवरच्या लोकांत महिनाभरात नशा केल्याचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास होतं. निगेटिव्ह आलेल्यांना परत द्यायला सरकारला १,१८,१४० डॉलर्स लागले, आणि मदत नाकारून जे वाचलं त्यापेक्षा ही रक्कम ४५,७८० डॉलर्सनी जास्त भरली. कर्मचाऱ्यांचा वेळ आणि वकिलांची फी त्यात धरलेली नाही. आणि ज्या मदतीसाठी हे सगळं, ती किती? तिघांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त ३०३ डॉलर्स. डॅलसला तुमच्या गाडीचा हप्ता याहून मोठा असेल.

इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांचे कान धरते. "फक्त २.६ टक्के निघाले, म्हणजे गरीब लोक नशा करत नाहीत" असं जे सांगितलं जातं तेही लॅबच्या दृष्टीनं कच्चं आहे. टेस्ट होणार हे माहीत असेल तर माणूस चार दिवस थांबतो. काही जण टेस्टला आलेच नाहीत. कायद्याचे समर्थक म्हणतात ते घाबरून पळाले. असतीलही काही. पण आधी भरायला तीस डॉलर्स नव्हते, केंद्रापर्यंत जायला बस नव्हती, पोर कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता, अशीही माणसं त्यात असणार. न आलेल्या माणसाचा रिपोर्ट नसतो. त्यामुळे २.६ हा आकडा नशेचं प्रमाण नव्हेच. एवढी यंत्रणा राबवून हाताला किती लागलं, त्याचा तो आकडा आहे.

आता तुमचा मूळ मुद्दा, "मी दिली, मग त्यांनी का नाही?" तुमची टेस्ट घेतली खासगी कंपनीनं. तिथं नकार दिला तर दुसरी कंपनी शोधता येते, आणि अमेरिकी घटनेची चौथी दुरुस्ती खासगी मालकाला लागूच होत नाही. ती सरकारला लागू होते. संशयाला आधार नसताना सरकारनं झडती घ्यायची नाही, हा तिचा गाभा, आणि लघवी घेणं ही झडतीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या खटल्यात मान्य केलं. त्याच खटल्यात अपघातानंतर रेल्वेवाल्यांची टेस्ट मात्र चालेल असंही ठरलं, कारण इंजिन चालवणारा तर्र असेल तर माणसं मरतात. असा ठोस धोका दाखवता आला तर सूट मिळते. १९९७ मध्ये जॉर्जिया राज्यानं निवडणुकीच्या उमेदवारांना टेस्ट सक्तीची केली होती, ती आठ विरुद्ध एक मतानं रद्द झाली, कारण असा धोका दाखवता आला नाही.

फ्लोरिडात लुईस लेब्रॉन नावाचा नौदलातून निवृत्त झालेला तरुण कोर्टात गेला. कॉलेजात शिकत होता, एकटा बाप, घरी लहान मुलगा आणि अपंग आई. नशा करत नव्हता, पण कारण नसताना कप भरणार नाही म्हणाला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायाधीश मेरी स्क्रिव्हन यांनी कायद्याला स्थगिती दिली, २०१३ च्या अखेरीस तो रद्द केला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये वरच्या कोर्टानं तेच कायम ठेवलं. "त्यांनी संमतिपत्रावर सही केली होती" हा राज्याचा युक्तिवाद टिकला नाही. पोरांच्या जेवणाचे पैसे समोर ठेवून घेतलेली सही किती स्वखुशीची, हे वेगळं सांगायला नको. बरं, स्कॉट यांनी राज्याच्या कर्मचाऱ्यांनाही अशीच सरसकट टेस्ट लावायचा हुकूम काढला होता. तोही कोर्टात सरसकट टिकला नाही. म्हणजे पगारदारांना एक न्याय आणि मदत घेणाऱ्यांना दुसरा, असं इथे झालेलं नाही.

शिवाय सरकारी पैसा फक्त गरीबच घेतात असं कुठंय? घरकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणारे आपण सगळे त्याच रांगेत आहोत. विस्कॉन्सिनच्या खासदार ग्वेन मूर यांनी २०१६ मध्ये दीड लाख डॉलर्सहून जास्त वजावट मागणाऱ्यांना ड्रग टेस्ट लावा असं विधेयकच मांडलं होतं. मंजूर होणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण वाचताना मला हसू आवरेना.

कोर्टाचा रस्ता बंद झाल्यावर राज्यांनी वळसा घेतला. आधी प्रश्नावली द्यायची, उत्तरांवरून संशय आला तरच टेस्ट. युटामध्ये पहिल्या वर्षी ४,७३० जणांना प्रश्न विचारले, ४६६ जणांची टेस्ट झाली, बारा पॉझिटिव्ह. टेनेसीत पहिल्या सहा महिन्यांत १६,०१७ अर्जदारांमागे ३७. प्रश्नावलीची गंमत अशी, की जो खरं बोलतो तो अडकतो आणि जो सराईत आहे तो सुटतो. तरी युटाचं एक मला पटलं. तिथं पॉझिटिव्ह आलेल्याला हाकलत नाहीत. उपचार घ्यायला सुरुवात केली तर मदत चालू राहते.

ऑस्ट्रेलियात २०१७ च्या अर्थसंकल्पात ५,००० नव्या बेरोजगार भत्तेकऱ्यांवर असाच प्रयोग मांडला गेला होता. पॉझिटिव्ह आला तर ८० टक्के पैसे अशा कार्डावर, जे रोख काढता येत नाहीत. डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला, सिनेटमध्ये अडला, पुन्हा पुन्हा मांडला, सुरू झालाच नाही. माझ्या मते तेच बरं झालं.

मग टेस्ट कधीच नको का? तसं नाही, आणि इथे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. शाळेची बस चालवणारा असेल, तर हवी. मुलांकडे दुर्लक्ष झाल्याचा पुरावा असेल आणि न्यायाधीशानं सांगितलं असेल, तर हवी. माणूस स्वतः उपचाराला आला असेल, तर हवीच हवी. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आधी काहीतरी कारण आहे, आणि रिपोर्ट आल्यावर पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे. सरसकट टेस्टमध्ये पुढे काय, तर मदत बंद. बाई व्यसनी असेल तर ती तशीच राहिली, फक्त तिच्या घरातले ३०० डॉलर्स गेले. आणि फ्लोरिडाच्या कायद्यात पॉझिटिव्ह रिपोर्ट बालसंरक्षणाच्या हॉटलाइनकडे जात होता. पोरं काढून नेतील या भीतीनं आई मदतच मागणार नाही, ही शक्यता कुणी धरलीच नव्हती.

आमच्या क्लिनिकमध्ये तोच कप, तीच पट्टी, तेच कट-ऑफ. पण रिपोर्ट मी पेशंटच्या समोर ठेवते. पॉझिटिव्ह आला तर समुपदेशक खुर्ची ओढून बसते आणि विचारते, या आठवड्यात काय झालं? मेथच्या पेशंटसाठी तर उलटाच प्रकार आहे. लघवी निगेटिव्ह आली की छोटं बक्षीस द्यायचं, सलग निगेटिव्ह आली की बक्षीस वाढवायचं. मेथसाठी अजून मान्यताप्राप्त औषध नाही, आणि जे उपाय आहेत त्यांत याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत हे २०११ पासून चालू आहे, आणि कॅलिफोर्नियानं २०२३ पासून गरिबांच्या आरोग्य योजनेत आणलंय, वर्षाला ५९९ डॉलर्सपर्यंतची गिफ्ट कार्डं. तुमच्यासारख्या करदात्याला हे ऐकून आधी झटका बसेल, नशा न करण्याचे पैसे द्यायचे? मलाही बसला होता. पण दर सोमवारी कप घेऊन येणारी माणसं बघितल्यावर माझं मत बदललं. दहा डॉलर्सचं कार्ड घेताना चाळिशीतला बाप्या जो चेहरा करतो, तो मी आमच्या शाळेत वहीवर "शाबास" मिळालेल्या पोरांचा पाहिला होता.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: सरसकट टेस्टवर जाणारा पैसा उपचाराच्या खाटांवर घाला. आमच्याकडे आज फोन केलेल्या माणसाला पहिली वेळ तीन आठवड्यांनी मिळते. तीन आठवड्यांत माणसाचा निश्चय टिकत नाही, कधीकधी माणूसच टिकत नाही.

राहिला लाडकी बहीणचा प्रश्न. जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये बाईच्या खात्यात जातात. उत्पन्नाची, वयाची कागदपत्रं तपासा, खोटे अर्ज काढा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नशेची टेस्ट? आपल्याकडे घर बुडवते ती दारू, आणि ती रात्री घेतली तर लघवीतून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलेली असते. बरं, पिणारा बहुतेक घरांत कोण असतो? महाराष्ट्रातल्या बायकांनी यावर स्वतःचा मार्ग केव्हाच शोधलाय, मतदान घेऊन गावातली बाटली आडवी करायचा, आणि तो दुकानावर चालतो, बाईच्या लघवीवर नाही. मिरजेला आमच्याकडे धुण्याभांड्याला मावशी यायच्या. पगार झाला की निम्मे पैसे आईकडेच ठेवायला द्यायच्या, कारण घरी नेले की नवरा काढून घ्यायचा. लागतील तसे दहा-वीस मागून न्यायच्या. त्या मावशींच्या खात्यात आज १,५०० रुपये येत असतील, तर मी कप कुणाच्या हातात द्यायचा?